हरकतीचे तीस दिवस

काकाजींनी तो कागद पॉलिथिनच्या पिशवीतून आणला होता. पिशवीत खताच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, कुणाची तरी लग्नपत्रिका आणि या सगळ्यांच्या मधोमध चार घड्या घातलेली झेरॉक्स. राजुरा तालुक्यातल्या आपल्या गावाहून पहाटेची गाडी धरून ते नागपूरला माझ्या ऑफिसात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मे महिना. दोन पेले पाणी प्यायले, पेला बाजूला सरकवला आणि म्हणाले, "वकीलबाई, हे पाहा जी जरा. पोरगा म्हणते, आपल्या वावराचा नंबर आहे याच्यात."

भारताच्या राजपत्राची ती पानं होती. हिंदी आणि इंग्रजी. कोळसाधारक क्षेत्र (संपादन आणि विकास) अधिनियम, 1957, कलम 7, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना. खाली गावाचं नाव, तहसील, हेक्टरमध्ये क्षेत्र, आणि मग नुसते आकडे. स्वल्पविराम देत देत पान भरून वाहणारे सर्वे नंबर. मी पेन्सिलीचं टोक टेकवत टेकवत पुढे गेले. दुसऱ्या पानावर काकाजींचा नंबर सापडला. अलीकडे त्यांच्या भावाचा, पलीकडे धुऱ्याला धुरा लागून असलेल्या शेजाऱ्याचा. मग पहिल्या पानावर परत आले, वरची तारीख वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. एकोणचाळीस.

या कायद्याचं कलम 8 म्हणतं, की ज्याचा त्या जमिनीशी संबंध आहे त्याने अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यावी. घेतली, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, स्वतः येऊन मांडलेलं किंवा वकिलामार्फत मांडलेलं. वकिलामार्फत, हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. म्हणजे माझी जागा त्या तीस दिवसांत होती. एकोणचाळिसाव्या दिवशी काकाजी माझ्यासमोर बसले होते आणि मुदत संपून नऊ दिवस झाले होते. तीस दिवस मोजायचे ते अधिसूचना निघाल्यापासून. कळल्यापासून नाही.

काकाजींना कळलं ते मुलामुळे. तो सातबाऱ्याच्या प्रती काढायला तालुक्याला गेला, तर झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्या कुणाचे तरी हे कागद काचेवर पडलेले होते आणि त्यावर स्वतःच्या गावाचं नाव दिसलं. अशा अधिसूचनेच्या खाली एक ठरावीक वाक्य असतं: क्षेत्राचा नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात, कोळसा कंपनीच्या कार्यालयात आणि कोलकात्याला कोळसा नियंत्रकांच्या कार्यालयात पाहता येईल. काकाजींच्या आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास पंढरपूरचा.

"मंग आता काहीच नाही होत काय जी?"

निघाल्यापासून आणि कळल्यापासून. माझी इतक्या वर्षांची वकिली या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेली, असं मला आता वाटतं. लग्नकार्यात कुणी विचारतं, तुम्ही दिवाणी करता की फौजदारी? मी सांगते, वीज, कोळसा, पाणी, जंगल. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि मग त्याला वाटतं की वीजचोरीच्या केसेस असतील. त्याही असतात. पण या वकिलीचा खरा पसारा दिव्याचं बटण आणि त्यामागची कोळशाची खाण यांच्या मधल्या शेकडो किलोमीटरांमध्ये आहे, आणि त्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी कुणाचं ना कुणाचं वावर लागतं.

माझे बाबा वीज मंडळात लाईनमन होते. चंद्रपूर जिल्ह्यातली पंधरा-वीस खेडी त्यांच्याकडे. मागच्या खोलीत खुंटीला रबरी हातमोजे, पक्कड आणि कमरेचा पट्टा टांगलेला असायचा. त्याला हात लावला तर आई रागवायची, जणू देवघरातली वस्तू असावी. बाबांच्या बोलण्यात दिवसाकाठी दहा वेळा एक शब्द यायचा, परमिट. ज्या लाईनवर चढायचं ती सबस्टेशनमधून बंद करायची. ऑपरेटरने वहीत नोंद करायची, वेळ टाकायची आणि लाईनमनच्या नावाने परमिट द्यायचं. तो काम संपवून परमिट परत करत नाही तोवर ती लाईन कुणीही चालू करायची नाही, मग फोन कुणाचाही येवो.

मी चौथी-पाचवीत असेन. पावसाळ्यात एका गावाजवळ तार तुटून पडली. बाबा दुपारपासून तिकडे होते, म्हणून संध्याकाळी मला शेजारच्या दादाच्या सायकलवरून डबा घेऊन पाठवलं. जाऊन पाहते तर बाबा शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसलेले, आणि भोवती अर्धं गाव. टेलिफोन बंद पडला होता, परमिट मिळालं नव्हतं. बाबांनी एकाला सायकलने सबस्टेशनला पाठवलं होतं, तो चिखलातून यायचा होता. "लाईन तं बंदच आहे ना भाऊ, अख्ख्या गावात अंधार आहे," एक जण ओरडला. "दोन मिनटाचं काम, अन् दोन घंटे झाले बसून." बाबांनी डबा उघडला, भाकर मोडली आणि शांतपणे म्हणाले, "बंद आहे हे मलाही दिसते. बंद राहील हे वहीत लिहून यावं लागते."

माणूस आला, भिजलेल्या खिशातून चिठ्ठी निघाली, ती बाबांनी कंदिलापाशी धरून वाचली आणि मगच ते खांबाकडे गेले. ते वर चढत असताना मी त्यांच्याकडे नाही, त्या चिठ्ठीकडे बघत होते. ती त्यांनी माझ्या हातात दिली होती धरायला.

कायद्याकडे मी वळले त्याचं दुसरं कारण मला सापडत नाही. माणसाचा जीव एका ओळीवर टांगलेला असू शकतो आणि ती ओळ नीट लिहिली असेल तर तो सुखरूप खाली उतरतो, हे मी पाहिलं होतं.

नागपुरात एलएलबी करून 2000 साली मी मुंबईला एका फर्ममध्ये लागले. तेव्हा महाराष्ट्रात विजेची वकिली म्हणजे एकच शब्द होता, एन्रॉन, त्या अमेरिकी कंपनीचा कोकणातला दाभोळ प्रकल्प. माझ्या सरांनी पहिल्या आठवड्यातच दाभोळच्या वीज खरेदी कराराची जाड प्रत टेबलावर ठेवली. "मागून वाच," ते म्हणाले. "आधी अनुसूच्या. पुढच्या पानांवर सगळे सभ्य असतात, पैसे मागे असतात." तो सल्ला मी आजही प्रत्येक ज्युनिअरला देते.

त्या कराराची सही डिसेंबर 1993 ची. 1995 मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, 1996 मध्ये फेरवाटाघाटी होऊन तो परत उभा राहिला, मे 1999 पासून 740 मेगावॅटचा पहिला टप्पा वीज देऊ लागला आणि मे 2001 मध्ये गुहागरचा तो सगळा पसारा थंड पडला. मी वाचत होते तेव्हा तो शेवटचाच काळ होता. किंमत डॉलरशी बांधलेली, इंधन नाफ्था, वाद झाला तर लवाद लंडनला. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम 'क्षमता आकारा'चं, म्हणजे प्रकल्पाच्या नुसत्या तयार असण्याच्या पैशांचं. वीज घ्या किंवा नका घेऊ, प्रकल्प तयार असेल तर स्थिर खर्च मोजावाच लागेल. अशी कलमं जगभर असतात आणि त्यात मुळात वाईट काही नाही. हजारो कोटी ओतून उभा केलेला प्रकल्प गिऱ्हाइकाच्या लहरीवर चालू शकत नाही. पण विकत घेणाऱ्याला किती वीज लागणार आहे, ती त्याला परवडणार आहे का, हे प्रश्न सही होण्याआधी उघड्यावर विचारले गेले पाहिजेत. करार झाला तेव्हा तो गोपनीय होता. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने एप्रिल 2001 मध्ये अहवाल देऊन त्या निर्णयांची चिरफाड केली, तेव्हा आमच्या फर्ममध्ये तो हातोहात फिरला. मला तो वाचताना सारखं एकच दिसत होतं, की हरकत घ्यायची वेळ 1993 ची होती आणि हरकत घेणाऱ्यांना कागद मिळाला तो सह्या वाळल्यावर.

पुढे विद्युत अधिनियम, 2003 आला, 10 जून 2003 पासून लागू झाला. या कायद्याबद्दल लोक खासगीकरण, स्पर्धा वगैरे बोलतात. मला त्यातलं कलम 64 सगळ्यात प्रिय आहे. वीज आयोगाने दर ठरवण्याआधी जनतेकडून आलेल्या सूचना आणि हरकतींचा विचार केलाच पाहिजे, असं त्यात आहे. महाराष्ट्रात आयोग 1999 पासूनच होता, जाहीर सुनावण्याही व्हायच्या, पण आता ते केंद्रीय कायद्यात पक्कं झालं.

अशाच एका सुनावणीला मी कंपनीच्या बाजूने खुर्चीत बसले होते. फायलींचा ढीग समोर. एक गिरणीवाले उठले. पिठाची गिरणी, कपाळावर अजून पीठ होतं. चार वर्षांची बिलं त्यांनी सुतळीने टाचून आणली होती आणि त्यातला एकेक रकाना ते वाचत गेले. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. "माझी गिरणी महिन्यात बारा दिवस बंद होती, तुमची लाईट नव्हती म्हणून. मग स्थिर आकार मी कशाचा द्यायचा?" सभागृहात शांतता पसरली. त्या माणसाला ठाऊक नव्हतं, पण दाभोळच्या करारावरून देशातले मोठमोठे वकील जो वाद घालत होते तोच त्याने दुसऱ्या टोकाने पकडला होता. प्रकल्प तयार आहे म्हणून मंडळाने पैसे द्यायचे, तर मग लाईन तयार नाही म्हणून गिऱ्हाइकाने का द्यायचे?

काही महिन्यांनी आयोगाचा आदेश आला. आयोगाच्या आदेशांची एक रीत आहे, प्रत्येक हरकत छापायची, खाली कंपनीचं उत्तर, खाली आयोगाचं मत. गिरणीवाल्यांचं म्हणणं एका परिच्छेदात आलं होतं. त्यांच्या बाजूने फार काही लागलं नाही. तरी तो परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण तो आता कायमचा होता. पुढच्या वर्षी दुसरा कुणी उठला तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नव्हती.

मुंबईतली ती वर्षं मी मनापासून काम केलं, आणि कंपन्यांसाठीच केलं. त्याची मला खंत नाही. वीज कुणीतरी बनवायलाच हवी. बाबांच्या खेड्यांत रात्री दोनला शेतीच्या फीडरला लाईट यायची आणि माणसं बॅटरी घेऊन विहिरीवर जायची. तुटवडा म्हणजे काय हे मी अहवालात वाचलेलं नाही.

या व्यवसायाचं खरं कौशल्य म्हणजे एका शब्दाला किती वजन पेलतं ते ओळखणं. गुजरातमधल्या मुंद्र्याच्या मोठ्या औष्णिक प्रकल्पांचा वाद घ्या. कंपन्यांनी इंडोनेशियाचा स्वस्त कोळसा धरून बोली लावल्या. एका प्रकल्पाचा समतल दर, म्हणजे कराराच्या सगळ्या वर्षांचा मिळून सरासरी दर, युनिटला 2 रुपये 26 पैसे होता आणि तिथली वीज घेणाऱ्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मग 2010 मध्ये इंडोनेशियाने नियम बदलला, कोळसा आंतरराष्ट्रीय बाजारभावाशी जोडलेल्या किमतीनेच बाहेर जाईल. कंपन्या म्हणाल्या, हा कायद्यातला बदल आहे, वाढीव दर द्या. देशभर आमच्यासारखे कितीतरी वकील तेव्हा या एका प्रश्नावर रात्री जागत होते: करारात 'कायदा' म्हटलंय तो कोणत्या देशाचा? आम्हीही दुसऱ्या एका उत्पादकासाठी त्याच शब्दावर टिपणं काढत होतो. 11 एप्रिल 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. करारातल्या व्याख्येत 'भारतात अमलात असलेले कायदे' असे शब्द आहेत, तेव्हा परदेशातला बदल त्यात बसत नाही, आणि माल महाग झाला म्हणजे दैवी आपत्ती कोसळली असं होत नाही. देशातल्या कोळसा धोरणातला बदल मात्र कायद्यातला बदल धरला गेला. 'भारतात अमलात असलेले', एवढ्या तीन शब्दांवर हजारो कोटी इकडचे तिकडे झाले. गिरणीवाल्यांच्या बिलातले रकाने शेवटी असल्या शब्दांनीच भरतात.

त्याच्या आधी 2014 चा सप्टेंबर आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना आठवतो. सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून जास्त कोळसा ब्लॉकांचं वाटप रद्द केलं. वाटप करण्याची रीतच मनमानी होती असं न्यायालय म्हणालं, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवशी आमच्या ऑफिसातले फोन थांबत नव्हते. बँका, कंपन्या, कंत्राटदार. रात्री घरी आले तर एक फोन चंद्रपूरहून होता, लांबच्या नात्यातल्या मामाजींचा. भद्रावतीजवळ बरांजला खाणीत मुलगा कामाला, जमीन खाणीत गेलेली. "खाण बंद पडन का गं?" बरांजचे ब्लॉक रद्द झालेल्या यादीत होते. दिवसभरातल्या सगळ्या फोनांना माझ्याकडे उत्तर होतं. या एकाला नव्हतं. वाटप चुकीचं ठरलं तरी जमीन परत वावर होत नाही, आणि नोकरीही जाते.

परत नागपूरला यायचं मी बाबा आजारी पडले म्हणून ठरवलं, पण ते एकच कारण नव्हतं. त्याच्या थोडं आधी मी एका पारेषण कंपनीच्या कामासाठी अमरावती जिल्ह्यात संत्र्याच्या बागेत उभी होते. उच्च दाबाची लाईन जायची होती. अशा टॉवरसाठी वापरला जायचा तो कायदा 1885 चा, भारतीय तार अधिनियम. तारांचे खांब रोवायला इंग्रजांनी केलेला. त्यात जमीन संपादन होत नाही, मालकी शेतकऱ्याचीच राहते, कंपनीला मिळतो फक्त वापराचा हक्क. कागदावर हे सौम्य वाटतं. प्रत्यक्षात चार पायांमधली जागा कायमची जाते आणि तारांखालची झाडं तोडावी लागतात. टेलिग्राम 2013 मध्ये बंद झाला, तो कायदा मात्र विजेच्या टॉवरसाठी त्यानंतरही चालूच राहिला. टॉवरखालच्या जमिनीचा मोबदला किती, याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं यायलाच 2015 उजाडलं: टॉवरच्या पायासाठी जमिनीच्या किमतीच्या 85 टक्के, तारांखालच्या पट्ट्यासाठी फार तर 15 टक्के. 2024 च्या जूनमध्ये ते 200 आणि 30 झाले. शेतकरी इतकी वर्षं जे सांगत होते ते बरोबर होतं, असं त्या आकड्यांनीच कबूल केलं.

त्या बागेत माझ्या हातात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. कायदेशीर, सही-शिक्क्याचा. बागेची मालकीण पन्नाशीची, डोक्यावर पदर, एका हाताने संत्र्याच्या झाडाचं खोड धरून उभी. ओरडली नाही की रडली नाही. आदेश हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला. "खरा असन तुमचा कागद. पण बाई, मले तो आज भेटला. अंबिया बहार झाडावर आहे. दोन मैने आधी भेटता, तं मी पाणीच नसतं तोडलं." बहार धरायला पाणी तोडून झाडांना ताण देतात, त्याचा सगळा खर्च, सगळी मेहनत त्या वर्षी झालेली होती. ती लाईन थांबवा म्हणत नव्हती. वेळेवर सांगा म्हणत होती. मी मोबदल्याच्या तक्त्यात झाडांच्या वयाचा रकाना आणला होता. बहाराचा रकाना त्यात नव्हता. कंपनीकडे भांडून तो मी घालून घेतला, पण तेव्हापासून रात्री डोळा लागताना तिचा खोडावरचा हात दिसायचा.

आजही मी कंपन्यांची कामं घेते. एक अट घालते. ज्याच्या वावरात तुमचा माणूस पाय ठेवणार त्याला आधी एका पानाची मराठीत नोटीस द्यायची. सर्वे नंबर, किती जागा, किती दिवस, मोबदला कसा मोजणार, हरकत कुणाकडे आणि कधीपर्यंत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका अधिकाऱ्यांनी विचारलं, यानं हरकती वाढणार नाहीत का? वाढतात. कोर्टातले दावे मात्र कमी होतात, हे मी गेल्या काही वर्षांत स्वतः पाहिलंय.

कायदा वाचणारं गाव कसं असतं हे बघायचं असेल तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. गोंड आदिवासींचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. माझ्या मते त्या घोषणेपेक्षाही मोठं आहे ते त्यांचं अभ्यास मंडळ. वर्षानुवर्षं बसून, कायदे समजून घेऊन, सगळ्यांच्या संमतीने निर्णय. 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा ते तयार होते. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. दोन वर्षांनी ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण नको असं बारा ग्रामसभांनी एकामागून एक सांगितलं, तेही याच कायद्याच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाच्या बळावर. बाराच्या बारा. मी तेव्हा मुंबईत होते आणि ऑफिसातले बरेच जण हळहळले, गुंतवणूक बुडाली म्हणून. मी काही बोलले नाही. आज असते तर बोलले असते.

आता माझ्याकडे येणारे निम्मे कागद सौरचे असतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, 2023 पासून, सबस्टेशनजवळची जमीन भाड्याने द्यायची सोय झाली, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून ही सगळी धडपड आहे आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. रात्री दोनचा फीडर ज्याने पाहिलाय त्यालाच दिवसाच्या आठ तासांची किंमत कळते. बाबा असते तर त्यांना मी एखाद्या पॅनेलच्या रांगेपाशी घेऊन गेले असते.

पण करार मागूनच वाचायचा. खासगी विकासक जे भाडेकरार घेऊन येतात त्यांची मुदत बहुधा एका पिढीएवढी असते. मुदत संपल्यावर पॅनेल कुणी उचलायचे, काँक्रीटचे पाये कुणी काढायचे, मधेच कंपनी विकली गेली तर भाडं कोण देणार, कर्जासाठी शेतकऱ्याची जमीन तारण तर पडत नाही ना? एका घरात मी सासऱ्यांना हे वाचून दाखवत होते. ते मान डोलवत होते. चुलीपाशी बसलेली सून तिथूनच म्हणाली, "ताई, मधला रस्ता कोणाचा लिहिला आहे त्याच्यात?" मागच्या चार वावरांना जायची पांदण त्या जमिनीतून होती आणि करारात तिचा उल्लेखच नव्हता. कुंपण घातलं असतं की चार घरं भांडायला उठली असती. मी इतकी वर्षं करार वाचते आहे, ती पांदण तिला दिसली, मला नाही.

काकाजींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. हरकत आम्ही तरीही पाठवली, उशीर का झाला ते लिहून. तिचा विचार झाला नाही. मग कलम 9 ची, म्हणजे जमीन संपादन करण्याची, घोषणा राजपत्रात आली, आणि या कायद्यात ती घोषणा प्रसिद्ध होते त्या दिवशीच जमीन केंद्र सरकारची होते. ताबा, पैसा, पंचनामा सगळं नंतर. काकाजी त्या दिवशी तुरीच्या शेंगा तोडत होते. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा म्हणाले, "आज तं मी वावरातच होतो जी दिवसभर. मले तं काही समजलं नाही."

राहिली नुकसानभरपाई. संयुक्त मोजणीच्या कागदात जमीन कोरडवाहू लिहिलेली होती आणि विहिरीचा उल्लेख नव्हता, कारण सातबाऱ्यावर विहीर कधी चढलीच नव्हती. 1970 च्या दशकात काकाजींनी आणि त्यांच्या वडिलांनी ती हाताने खोदली होती. आम्ही जुनी वीजबिलं काढली, मोटरपंपाची. पिशवीतल्या त्या खताच्या पावत्याही कामाला आल्या, त्यांवर दोन्ही हंगामांच्या तारखा होत्या. विहीर कागदावर आली, जमीन ओलिताची ठरली, मुलाला नोकरी लागली. लोक म्हणतात, जिंकलात की. कलम 8 खाली त्यांचं ऐकून घ्यायचं होतं ते कुणी कधीच ऐकलं नाही. हद्दीच्या नकाशावरून दिसत होतं की त्यांचं आणि भावाचं वावर एका टोकाला आहे. रेघ थोडी अलीकडे येऊ शकते का, एवढं तरी तीस दिवसांत विचारता आलं असतं. कदाचित नाही म्हणाले असते. पण विचारलेलं असतं.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं की पहिलं काम ठरलेलं. मी आणि माझी ज्युनिअर राजपत्राची वेबसाइट उघडतो. कोळसा मंत्रालय, आठवड्याभरातल्या अधिसूचना. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर हे शब्द शोधतो. बहुतेक सोमवारी काही नसतं आणि आम्ही चहा घेतो.

या सोमवारी होतं. वणी तालुक्यातलं एक गाव, कलम 7, तारीख चार दिवसांपूर्वीची. ज्युनिअरने ग्रामपंचायतीचा नंबर शोधला. तीनदा लावल्यावर सरपंचबाईंनी उचलला. मागे हातपंपाचा आवाज येत होता.

"ताई, मी नागपूरहून वकील बोलते. तुमच्याजवळ वही-पेन आहे का?"

"थांबा जी. पोरा, पेन आण रे." मग बराच वेळ नुसता पंप. "हाव, सांगा."

"आधी एक तारीख लिहा. या तारखेच्या आत हरकत पोचली पाहिजे. लिहिली? आता सर्वे नंबर सांगते. सावकाश सांगते, तुम्ही परत म्हणा."

"हाव."

"बेचाळीस."

"बेचाळीस."

"त्रेचाळीसचा एक."

"त्रेचाळीसचा एक. हा तं आमचाच आहे जी."

"लिहा ताई. अजून दिवस आहेत. चव्वेचाळीस."